दोनशे लिटर

रेडिएटरचा नट सैल केला की
आधी दोन थेंब, मग धार.
घमेल्यात उतरतं ते हिरवंगार,
तळाशी गंजाचा गाळ, बोटाला बुळबुळीत.
काही गाड्यांचं गुलाबी असतं.
एक वाळ्याचं सरबत, एक कोकमाचं.
मे महिन्यात माणूस चुकायला
एवढंच पुरे.

चूक माझी होती.
वाशीला निघालेला आंब्याचा टेम्पो
खाडीच्या पुलावरून सड्यावर चढताना तापला.
मी जुनं काढलं, नवं भरलं,
घमेलं बाकड्याखाली सरकवलं
आणि जेवायला गेलो. पेडव्यांचं तिखलं होतं.

गॅरेजात एक बोका होता, नाव पाना.
गोड लागतं म्हणे ते.
मी चाखलेलं नाही. पान्याने चाखलं.
संध्याकाळी जत्रेतून पिऊन आल्यासारखा चालत होता.
लवू हसला. मीही हसलो.
दुसऱ्या दिवशी मूत बंद.
कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरच विचारलं,
"गाडीतलं पाणी प्यायलाय का?"
तिसऱ्या दिवशी फणसाखाली खड्डा काढला.

त्या रात्री मागचा हिशेब मांडला.
बावीस वर्षं. आठवड्याला दोन गाड्या.
गाडीमागे पाच लिटर.
सगळं मागच्या व्हाळात.
आकडा आला तो पुसला.
मग परत काढला. तेवढाच आला.
व्हाळ खालच्या वाडीच्या विहिरीला घसटून जातो,
आणि जांभ्याला दगड म्हणायचं एवढंच,
आत सगळी चाळण.
पुढे खाडी.
ओहोटीला अनसूया तारकर तिथे
गुडघाभर चिखलात वाकून मुळे काढते,
बुधवारी माझ्याच दारात येते,
ओळखीचा म्हणून
वाट्यावर चार मुळे जास्त टाकते.

लवू म्हणाला, "सगळेच ओततत, मेस्त्री."
लवू नंतर सोडून गेला, पण यावरून नाही,
पगारावरून.
रस्त्यापलीकडे स्वतःचं शटर टाकलं.
चार वर्षं आम्ही एकमेकांचा
हॉर्नसुद्धा ओळखत नाही.

आता माझ्याकडे निळा ड्रम आहे.
झाकण घट्ट, सावलीत, पोरांच्या हाताबाहेर.
इंजिन ऑइलचा डबा वेगळा.
दोन्ही मिसळलं तर कोणीच घेत नाही.
आणि रिकाम्या पाण्याच्या बाटलीत
घोटभरसुद्धा ठेवायचं नाही,
इथे शपथ घालतो मी नव्या पोरांना.
ड्रमवर माझ्या मुलीने कवटी काढलीये.
कवटी हसते. चालेल.

रत्नागिरीला फोन लावला.
परवान्याची गाडी येते म्हणाले, घेऊन जाते,
पण दोनशे लिटर झाल्यावर कळवा.
दोनशे!
अर्धी गिऱ्हाइकं पलीकडे गेलेली,
महिन्याला दोन रेडिएटर हाताखालून गेले तर गेले.
माझ्या गतीने दीड वर्ष.
आणि पलीकडचं पाणी
अजून त्याच व्हाळात.

म्हणून परवा रस्ता ओलांडला.
लवू बोलेरोखाली होता, फक्त पाय बाहेर.
पायांशी बोलणं सोपं असतं.
म्हटलं, ड्रम माझ्याकडे आसा.
तुझां खंय जाता?
पाय हलले नाहीत.
पाना पडल्याचा आवाज झाला. लोखंडी पाना.
मग खालून,
"त्या बोक्याचां माझ्या पन ध्यानात आसा."
एवढंच. मी परत आलो.
अपमान झाला की नाही
हे रात्रीपर्यंत ठरत नव्हतं.

काल दुपारी शटरबाहेर एक कॅन.
झाकणाला वरून सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
अंगावर खडूने : पानी न्हय.

ओतलं. काठी बुडवून उंची पाहिली.
दारात उभा राहून रस्त्यापलीकडे
आधी सात बोटं दाखवली,
मग एक.
त्याने मान हलवली,
की माशी हाकलली,
मधून एसटी गेल्याने दिसलं नाही.